शांतसरोवराला खालल्या दुधवडीचं उत्तर

मानसिंग काटकरनं वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत चार गुरू करून पाहिले होते आणि चौघांनीही त्याला सोडलं होतं. खरं तर सोडलं त्यानंच, पण सांगताना तो उलटं सांगायचा. त्यात वैराग्य जरा जास्त दिसतं.

पहिले कृष्णेच्या घाटावरचे. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ विचार केला आणि लग्न कर म्हणाले. मला मोक्ष हवाय, असं मानसिंगनं सांगितलं, तर म्हणाले, तो लग्नानंतर सगळ्यांनाच हवासा होतो, आत्तापासून कशाला. दुसरे विट्याकडचे मौनी महाराज. ते पाटीवर लिहून उपदेश करायचे. अक्षर असं की काय मिळवायला सांगितलंय ते समजेना. मानसिंग महिनाभर जे शोधत होता ते नंतर कळलं, महाराजांना गिरणीतून दळण आणून हवं होतं. तिसऱ्यांनी योग शिकवायला सुरुवात केली आणि तिसऱ्या आसनात त्यांची कंबर धरली. मानसिंगनं त्यांना रिक्षानं दवाखान्यात नेलं. गुरुसेवा म्हणून जी काय झाली ती एवढीच. चौथे गुरू कॅसेटवर होते. त्यांना टेपरेकॉर्डरनं गिळलं.

मानसिंग सांगलीत एका टायपिंग क्लासमध्ये शिकवायचा. दिवसभर तीस मशीनं कडाकडा वाजत असताना मधोमध बसून राहायचं, हे काम. शांतीची ओढ त्याला तिथूनच लागली असावी.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर कॉलेजच्या कोपऱ्यावर अनीशनं इंटरनेट सुरू केलं. प्लायवूडच्या चार खोपट्या, प्रत्येकीला फुलाफुलांचा पडदा, आणि आत एकेक संगणक, ज्याला अनीश ‘डबा’ म्हणायचा. इंटरनेटसाठी पुण्याला फोन लावावा लागायचा. तो लागला की डबा आधी किंचाळायचा, मग घसा खाकरायचा, मग जग दिसायचं. त्या जगात मानसिंगला शांतसरोवर सापडलं.

शांतसरोवर म्हणजे ईमेलवर चालणारी साधकमंडळी. अकरा देशांतले त्रेचाळीस जण. सगळे आपापल्या घरी गप्प बसायचे आणि गप्प बसून काय वाटलं ते एकमेकांना लांबलचक लिहून कळवायचे. गुरू अमेरिकेत. नाव शांतानंद. पूर्वाश्रमीचे गॅरी, पूर्वाश्रमी त्यांचा लोकांच्या परसात पोहण्याचे तलाव बांधून देण्याचा धंदा होता, त्यामुळे सरोवराची कल्पना त्यांना बाहेरून आणावी लागली नाही. मानसिंगला ते पहिल्या पत्रातच पटले. लग्नाचा विषय नाही, कंबर दिसत नाही, आणि अक्षर छापील.

शांतसरोवरात प्रत्येक साधकाला योग्य वेळी गुरूंकडून नाव मिळायचं. टोरांटोच्या एका म्हाताऱ्याला ‘प्रशम’ मिळालं होतं. इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका बाईला ‘मृदुला’. मानसिंगला शांतानंदांनी जूनमध्ये कळवलं की येत्या गुरुपौर्णिमेला त्याला ‘अचल’ हे नाव देण्यात येईल. मानसिंगनं ते नाव क्लासमधल्या मशीनवर साठ वेळा टाइप करून पाहिलं. मानसिंग या नावाचा गल्लीत एक रिक्षावाला होता, एक पैलवान होता आणि एक बैलही होता. अचल कोणीच नव्हतं. आयुष्यात आपल्याला काय हवंय हे त्याला प्रथमच इतकं नेमकं कळलं होतं.

आणि त्याच आठवड्यात चौथी पायरी आली.

आतापर्यंतच्या तीन पायऱ्या गप्प बसण्याच्या होत्या. चौथी होती ‘गर्जना’. सूर्योदयाला आरशासमोर उभं राहायचं, उजवा हात वर करायचा आणि पूर्ण श्वासानं एक प्राचीन प्रार्थना उच्चारायची. हिमालयाच्या पायथ्याशी राहणाऱ्या योगिनी लीलादेवी यांच्या मुखातून एका साधिकेनं ती आठ वर्षांपूर्वी टेप करून आणली होती. सोबत लीलादेवींचं छायाचित्र.

छायाचित्र डब्यात वरून खाली उतरायला लागलं. आधी आभाळ आलं. मग बाभळीचा शेंडा. मग हिरव्या बांगड्यांचा एक हात, उगारलेला. तेवढ्यात लाइन गेली. अनीशनं पुन्हा पुणे लावलं. पुन्हा आभाळ, बाभळ, हात, आणि मग चेहरा. तोंड वासलेलं, कपाळावर आठ्या, नाकात मोरणी.

“आत्ते!” मानसिंग मोठ्यानं म्हणाला.

“काय झालं?” अनीशनं पडद्यातून डोकं घातलं.

“ही माझी आत्या आहे.”

“अमेरिकेत असते?”

“खालल्या दुधवडीत.”

अनीशनं नीट पाहिलं. “फोटो चांगला आलाय. हा कोपऱ्यात पिवळा काय आहे?”

कोपऱ्यात एक पिवळी बाही होती. कुणीतरी शेजारी उभं होतं, कोपरापर्यंतच फोटोत आलं होतं. मानसिंगचं तिकडे लक्ष नव्हतं. तो प्रार्थना वाचत होता. इंग्रजी अक्षरांत, ध्वनीबरहुकूम लिहिलेली:

तुज्या चुलीत पानी. तुज्या पेटीत वाळवी. तुज्या भाकरीला कवा पापुद्रा न येवो.

पुढच्या ओळी होत्या, पण त्या छापण्यासारख्या नाहीत. दुधवडीतसुद्धा त्या वर्षातून एकदाच म्हणतात.

वडूजकडं जाताना आत वळलं की ओढ्याच्या अलीकडे खालली दुधवडी आणि पलीकडे वरली. दोन्हीकडे दूध बाहेरून येतं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतल्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि समोरासमोर शिव्या देतात. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत. बाप्यांनी त्या दिवशी तोंड उघडायचं नाही. त्यांनी तेलाचे रिकामे डबे घ्यायचे आणि बडवायचे. ओढ्याला पाणी नसतं ते बरंच. असतं तर खळखळाटात शिव्या नीट पोचल्या नसत्या. हे का करतात? न केलेलं बरं नाही म्हणून.

तर त्रेचाळीस सज्जन माणसं, त्यांतली बरीचशी शाकाहारी, रोज सकाळी आरशात पाहून स्वतःच्या चुलीत पाणी पडो म्हणत होती. टोरांटोच्या प्रशमनं कळवलं होतं की पापुद्र्याच्या ओळीपाशी त्याच्या गुडघ्यात ऊब जाणवते.

मानसिंगला राग आला. आध्यात्मिक माणसाला राग आला की तो आधी तपासतो की हा नक्की रागच आहे ना. होता. त्यानं त्याच बैठकीत पत्र लिहिलं. ही योगिनी नव्हे, माझी आत्या आहे. हा हिमालय नव्हे, खटाव तालुका आहे. या प्रार्थना नव्हेत, शिव्या आहेत. आमच्या बायकांचा आवाज आणि चेहरा तुम्ही न विचारता उचललात, त्याला भलतं नाव दिलंत आणि तुमच्या पायरीला चिकटवलंत. याला आमच्याकडे उचलेगिरी म्हणतात.

उत्तरं आली. मृदुलानं विचारलं, आवाज कुणाच्या मालकीचा असतो का? कुणीतरी लिहिलं की मानसिंगच्या शब्दांत वेदना आहे आणि त्यांनी त्या वेदनेसाठी मेणबत्ती लावली आहे. शांतानंदांचं पत्र सगळ्यांत मऊ होतं. नामकरणाआधी अहंकार एकदा उसळतोच, त्यांनी लिहिलं होतं. तरीही परंपरेचा मान राखायला हवा. स्वतः लीलादेवींनी हरकत घेतली तर चौथी पायरी आजच काढून टाकू. नाहीतर, प्रिय होऊ-घातलेल्या अचला, गुरुपौर्णिमेपर्यंत शांत राहा.

“तो तुला अचला म्हणतोय,” अनीश म्हणाला.

“संबोधन आहे ते.”

“मग ठीक.”

मानसिंगनं रविवारची वडूज गाडी धरली. आत्याला सगळं सांगायचं, आत्या खवळेल, तिची हरकत लिहून घ्यायची, पायरी निघेल. आणि हरकत आत्याची असल्यामुळे त्याचं नावही शाबूत राहील. बेत सरळ होता.

लीलाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती आणि तिच्यासमोर राहीबाई. राहीबाई वरल्या दुधवडीची. तिची मुलगी लीलाबाईच्या घरात दिलेली, म्हणजे दोघी विहिणी. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस एकमेकींच्या ताटातलं खायच्या आणि एक दिवस एकमेकींच्या चुलीत पाणी ओतायच्या. दोन्ही कामांत त्यांच्या तोडीचं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

मानसिंगनं सगळं सांगितलं. इंटरनेट समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी लीलाबाईनं त्याचा हिशेब ‘तारेतनं पत्रं जात्यात’ असा लावला आणि तो बरोबरच होता.

“म्हंजी आमच्या शिव्या अमेरिकंत देत्यात?” ती म्हणाली.

“हो आत्ते. न विचारता. चोरीच ही.”

“शिवीची कसली चोरी रं, लेकरा? दिली की ती दुसऱ्याचीच झाली की.” तिनं एक शेंग फोडली. “उचलली तर उचलली, पर धड उचलावी. म्हनत्यात कशा? दम लावून?”

“पूर्ण श्वासानं.”

“आन् समोर कोन असतं?” राहीबाईनं विचारलं.

“समोर आरसा.”

दोघींचे हात थांबले.

“आरसा?” लीलाबाई म्हणाली. “आरशाला शिव्या देत्यात? म्हंजी सवताला?”

“आगं बाई बाई,” राहीबाई म्हणाली. “रोज?”

“रोज सकाळी.”

“आन् जबाब कोन देतं?”

जबाब कोणीच देत नव्हतं. आणि हीच गोष्ट मानसिंगला ठाऊक नव्हती. बारावीच्या वर्षी एकदाच त्यानं डबा हातात घेतला होता, त्यानंतर दरवर्षी तो पंचमी चुकवायचा, त्यामुळे कायदा त्याच्या कानावरच गेला नव्हता. कायदा असा: शिवी द्यायची ती जिच्याशी सोयरीक होऊ शकते तिलाच. परक्या बाईला नाही. आणि दिलेल्या शिवीला दिवस मावळायच्या आत उलटी शिवी मिळालीच पाहिजे. नाही मिळाली, तर शिवी रस्ता शोधत देणारीच्याच घरी परत येते आणि चुलीपाशी येऊन बसते. मग तिला उठवणं अवघड. उलट शिवी मिळाली की फिट्टंफाट. मग ओटी भरायची, एकमेकींना जेवायला घालायचं.

“त्रेचाळीस घरं,” लीलाबाई म्हणाली. “समद्यांच्या चुलीपाशी बसलेली आसंल की रं. बिचारी. लेकरंबाळं आसतील कुनाकुनाची.”

“आत्ते, तू रागवायला पाहिजेस.”

“रागावीन की. पर आदी जबाब द्याया पायजे. शिव्या आमच्या गावच्या, म्हंजी जबाब बी आमीच द्याचा.”

“त्यापेक्षा नुसती हरकत दे ना. एक ओळ.”

“हरकत म्हंजी काय?”

“म्हणजे, हे करू नका म्हणायचं.”

“आसं कसं म्हनावं? दाराशी आलेल्याला?” लीलाबाईनं पदराला हात पुसले. “तुजं त्ये तारंचं दुकान कवा उघडतं?”

“पंचमी कुठं अजून आलीय?”

“अमेरिकंत पंचमी कवा असती कुनाला ठावं,” राहीबाई म्हणाली. “मी बी येनार. हिला एकलीला सोडली तर दोन ठोकील आन् चार इसरंल.”

बुधवारी दोघी सांगलीत उतरल्या. येताना पिशवीत नारळ आणि खण, कारण शिव्या झाल्यावर ओटी लागणार. अनीशनं त्यांना स्टुलं दिली. खोपट्यात तिघं मावेनात, म्हणून पडदा काढला.

“तू काय करनार?” लीलाबाईनं मानसिंगला विचारलं.

“तू बोल, मी टाइप करतो.”

“म्हंजी ह्ये बडवनार?” तिनं कीबोर्डकडं बोट केलं.

“हो.”

“मग बरोबर हाय. बाप्यानं बडवावंच. पर त्वांड उघडायचं न्हाई.”

मग ती उठली, उजवा हात वर केला आणि अनीशच्या दुकानात खालल्या दुधवडीनं शांतसरोवराला जबाब दिला. बाजूच्या खोपट्यात निकाल बघायला आलेला एक मुलगा पास झाल्याचं न बघताच निघून गेला. मध्येमध्ये राहीबाई ‘दाताचं राह्यलं’, ‘म्हशीचं घे की’ अशी आठवण करत होती. मानसिंग मिनिटाला साठ शब्दांनी बडवत होता, मराठीतून इंग्रजीत. तुमच्या जात्याला दात न उरोत. तुमची म्हैस फक्त पाहुण्यासमोर लाथ मारो. तुमच्या लोणच्याला ज्या दिवशी बुरशी येईल त्याच दिवशी जावई येवो. इंग्रजीत ते थोडं बायबलसारखं दिसत होतं, पण इलाज नव्हता. खाली त्यानं लिहिलं: लीलाबाई, खालली दुधवडी. याला उलट शिवी पाठवणे आवश्यक. न पाठवल्यास नुकसान होईल.

“गेलं?” लीलाबाईनं घाम पुसत विचारलं.

“गेलं.”

“आता जबाब येऊ दे. मी हाय बसून.”

ती दोन तास बसली. अनीशनं चहा दिला. दोन तासांत सतरा उत्तरं आली आणि सतराच्या सतरा आभाराची. लीलादेवींच्या ताज्या शब्दांनी डोळे पाणावले. जात्याच्या ओळीनं आतलं काहीतरी मोकळं झालं. प्रशमनं दुसऱ्या गुडघ्याबद्दलही कळवलं होतं.

“काय म्हनत्यात?” लीलाबाई म्हणाली.

“थँक्यू म्हणतायत.”

तिचा चेहरा उतरला. मानसिंगनं तिला एवढं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. अगदी तिचा थोरला गेल्या महिन्यात कारगिलकडे निघाला तेव्हासुद्धा नाही. “शिवीला थँक्यू?” ती हळूच म्हणाली. “आरं, मग आता ह्या माज्याच घरी येनार की रं. समद्या.”

“सतरा,” राहीबाईनं मोजून सांगितलं.

शेवटी शांतानंदांचं पत्र आलं. लीलादेवींनी स्वतः आशीर्वाद पाठवल्यामुळे परवानगीचा प्रश्न मिटला आहे. चौथी पायरी आता कायम. मानसिंगची हरकत अशा रीतीनं मंजुरीत जमा झाली. फक्त एक लहानसं काम बाकी: परंपरा हिमालयातली आहे असं, तिथला माणूस या नात्यानं, त्यानं दोन ओळींत लिहून द्यावं. म्हणजे पौर्णिमेला नाव देता येईल. हेंड्रिकाचं पत्रही सोबत जोडलं होतं, तपशिलासाठी.

हेंड्रिका म्हणजे टेप आणणारी साधिका. हॉलंडमधली निवृत्त शाळामास्तरीण. तिनं लिहिलं होतं: एक्क्याण्णव साली माझी जीप त्या ओढ्यापाशी बंद पडली. क्लच जळला होता. समोर बायका हात वर करून गर्जत होत्या. इंग्रजी येणारा तिथं एकच मुलगा होता, किडकिडीत, पिवळ्या शर्टातला, हातात पत्र्याचा डबा. मी त्याला विचारलं, या काय करतायत? तो म्हणाला, प्रार्थना. शांतीसाठी. फार प्राचीन. कुठली? तो म्हणाला, हिमालयातली. मधली बाई कोण? तो म्हणाला, लीलादेवी. मी विचारलं, तुझी कुणी लागते का? तो म्हणाला, नाही, मी इथला नाही. आठ वर्षं मी त्या मुलाच्या शब्दावर रोज उभी राहते आहे.

मानसिंगनं छायाचित्र पुन्हा उघडलं. आभाळ, बाभळ, हात, चेहरा. पिवळी बाही. तो शर्ट त्याला बारावी पास झाल्याबद्दल लीलाबाईनंच घेतला होता.

त्याला सगळं आठवलं, आणि मुख्य म्हणजे फार आठवावं लागलं नाही. गोरी बाई, तिच्या हातातलं मशीन, आणि पाठीमागं आत्या पापुद्र्यापर्यंत पोचलेली. एकोणीस वर्षांच्या मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तोंडातून जे पहिलं आलं ते त्यानं दिलं होतं. मग क्लच दुरुस्त झाला, बाई गेली, आणि ते खोटं सात समुद्र हिंडून, अकरा देशांत शिकून, दाढी वाढवून त्याच्याच समोर गुरू होऊन बसलं होतं. पाचवा गुरू तर तो स्वतःच निघाला. आणि त्याच्याकडून त्याला नाव हवं होतं.

“काय लिवलंय?” लीलाबाईनं विचारलं.

“काही नाही. उद्या कळवतो.”

दोघींना त्यानं संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. नारळ तसाच परत गेला. खिडकीतून लीलाबाई म्हणाली, “मान्या, जबाब मिळीव बाबा. एक मिळाला तरी चालंल, अमेरिकंत दिवस कवा मावळतो कुनाला ठावं.”

दुसऱ्या दिवशी मानसिंग डब्यासमोर बसला. मिनिटाला साठ शब्दांच्या माणसाला चार ओळींना दीड तास लागला. दोन ओळी लिहून दिल्या की अचल. कुणाचंही काही बिघडत नव्हतं. प्रशमचे तर दोन्ही गुडघे सुधारले होते. लीलाबाईच्या चुलीपाशी काय येऊन बसेल ते अमेरिकेतून दिसणार नव्हतं. त्याला सांगलीतून दिसत होतं, हीच अडचण होती.

त्यानं लिहिलं: तो मुलगा मी. त्या शिव्या आहेत. लीलाबाई माझी आत्या आहे आणि मला तिची लाज वाटली म्हणून मी हिमालय सांगितला. तुम्ही उचललंत ते माझं खोटं. त्यांच्या शिव्या अजून जागेवरच आहेत. तुमच्यापैकी एका तरी बाईनं तिला मनापासून उलट शिवी द्यावी, ही विनंती. पुरुषांच्या मोजत नाहीत.

शांतसरोवर बारा तास खरोखर शांत राहिलं. मग शांतानंदांनी एका ओळीत लिहिलं की काही साधक पायरीवरून घसरतात. त्यानंतर यंत्राकडून आपोआप निरोप आला: तुम्हाला यादीतून यशस्वीरीत्या काढण्यात आलं आहे. शांती लाभो.

“नाव?” अनीशनं विचारलं.

“राहिलं.”

“मग काय, मानसिंगच?”

“मानसिंगच.”

आणि त्याच्याखाली एक पत्र पडलं होतं, फक्त त्याच्या नावे. हेंड्रिकाचं. लांब.

मानसिंगनं ते छापून घेतलं आणि स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवरून दुधवडीला फोन लावला. खालल्या दुधवडीत फोन होता पिठाच्या गिरणीत. गिरणी चालू असली की दोन्ही बाजूंनी ओरडावं लागायचं. लीलाबाईला बोलावून आणलं.

“आत्ते, जबाब आलाय!”

“बाईचा का बाप्याचा?”

“बाईचा!”

“वाच!”

मानसिंगनं वाचायला सुरुवात केली. बूथबाहेर पाच माणसांची रांग होती. ती हळूहळू आत सरकली. “तुमच्या ओढ्यात कधीही पाणी न येवो!”

“आदीच न्हाई! फुडं!”

“तुमच्या तालुक्यातल्या झाडून सगळ्या गाड्यांचे क्लच एकाच दिवशी जळोत!”

“ह्ये नवं हाय! फुडं!”

“तुमच्या चीजला... आत्ते, चीज म्हणजे घट्ट दुधाचं असतं... त्याला भोकं न पडोत!”

“भाकरीच्या पापुद्र्यावानी आसंल. बरं. फुडं!”

पुढची ओळ मानसिंगनं डोळ्यांनी वाचली आणि थांबला. मागचा माणूस म्हणाला, “वाचा की राव.”

“आणि तुमच्या घरी असा भाचा निपजो,” मानसिंगनं वाचलं, “जो तुमच्या शेजारी उभा राहून, तुम्हीच घेतलेला शर्ट घालून, परक्या बाईला सांगेल की मी हिला ओळखत नाही.”

शर्टाचं त्यानं पदरचं घातलं होतं. भाषांतरात तेवढं चालतं.

गिरणी चालू होती. लीलाबाईनं पलीकडे कुणाला तरी ती बंद करायला लावली.

“आत्ते?”

“आसं म्हनाला हुतास?”

“हो.”

“पिवळं शर्ट.”

“हो.”

गिरणी पुन्हा सुरू झाली.

“ही बाई तयारीची हाय,” लीलाबाई शेवटी ओरडली. “निशाना बरोबर लागला. आता फिटलं! तिचं गाव कंचं म्हनालास?”

“हॉलंड!”

“तिला खण पाटीव. नारळ बी.”

नारळ वडूजच्या पोस्टात कुणी घेईना. परदेशात फळ पाठवता येत नाही म्हणाले. खण तेवढा गेला.

शांतसरोवर पुढेही चालू राहिलं. हेंड्रिका तिथून निघाली, पण मृदुला आणि प्रशम राहिले. चौथी पायरीही राहिली. अनीश सांगायचा की आता तिथं ‘सातारा हिमालय’ असं लिहिलंय. मानसिंगनं ते जाऊन पाहिलं नाही.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी तो दुधवडीला गेला. लीलाबाईनं काही न बोलता तेलाचा डबा त्याच्या हातात दिला आणि त्याला आपल्या पुढ्यात उभं केलं, जिथून समोरचं सगळं थेट अंगावर येतं. राहीबाईनं पलीकडच्या काठावरून पहिलाच वार भाच्यावर केला. आरशाला शिव्या देणाऱ्यांचा चेला, म्हणाली, आरसेबुवा. दोन्ही काठ हसले. तासाभरात लहान पोरंसुद्धा आरसेबुवा म्हणायला लागली आणि ते काही आता सुटणार नव्हतं. मानसिंग बडवत राहिला. कडाकडा आवाजाच्या मधोमध बसायची त्याला सवय होतीच.

चारच्या सुमाराला पुण्याची एक मोटार रस्त्यावर थांबली. गॉगल लावलेल्या एक बाई कॅमेरा घेऊन उतरल्या आणि डबेवाल्यांत जरा शिकलेला वाटणारा माणूस हुडकत त्याच्यापाशी आल्या.

“एक्स्क्यूज मी, हे काय चाललंय? काही प्रार्थना वगैरे आहे का?”

बाप्यानं त्या दिवशी तोंड उघडायचं नसतं. मानसिंगनं लीलाबाईकडं पाहिलं. ती पापुद्र्यापाशी आली होती, हात वर, आठ्या तशाच. तिनं श्वास घ्यायला थांबत नुसती मान हलवली. बोल.

“नाही. शिव्या आहेत,” मानसिंग म्हणाला. “ती माझी आत्या.”

आणि बाईंनी पुढचं काही विचारायच्या आत त्यानं डबा बडवायला घेतला.